दुसरी बाजू आपोआप

सोमवार, ६

दुपारी ऑफिसात बसल्या बसल्या डोळे चुरचुरायला लागले. आधी वाटलं ताईनं परत फिनाइल सांडलं. मग भोंगा झाला आणि खालचा शिंपी धापा टाकत वर आला, खिडक्या लावा म्हणाला, कारखान्याची टाकी फुटलीय. नदीपलीकडच्या तिन्ही वस्त्या रिकाम्या करतायत.

दुपारची वेळ, म्हणजे पोरं शाळेत आणि आईबाप कामावर. जो जिथं होता तिथूनच त्याला बसमध्ये कोंबला. आई एका गावात, पोर दुसऱ्या. आमचं घर अलीकडे आहे म्हणून सुटलो. आई म्हणाली, वारा फिरला असता तर आपलंही बोचकं रस्त्यावर आलं असतं.

मंगळवार, ७

ताईनं आज स्वतःहून गळ्यात घोंगडं घालून घेतलं. ताई म्हणजे माझी बहीण नाही, मी जिच्याकडे दोन वर्षं कामाला आहे ती. ती दुकानांच्या साइट बनवते आणि त्यातले फॉर्म मी बनवते. नववीत शाळा सोडलेल्या मुलीला दुसरं कोण ठेवणार.

खेळांच्या मोठ्या हॉलमध्ये सातशे माणसं आणून ठेवलीत. आणखी चार ठिकाणी अशीच. कोण कुठं आहे कुणालाच धड माहीत नाही. ताई तिथल्या साहेबांना म्हणाली, उद्यापर्यंत आम्ही साइट देतो. आम्ही म्हणजे मी.

बसायला वरची स्कोअरबोर्डाची खोली दिलीय. खिडकीतून खालचा सगळा हॉल दिसतो. मला बरं वाटलं. सगळं दिसतं आणि खाली जावं लागत नाही.

कारभार कॅप्टन बघतात. ते सैन्यातले वगैरे नाहीत, खेळाचे मास्तर होते, गळ्यात अजून शिट्टी असते. त्यांनी विचारलं, तू काय करतेस. मी तोंड उघडायच्या आत ताईच बोलली, ही आमची मुंगी, आवाज नाही पण ओझं वाहते.

ताईनं बजावलंय की लोकांची नावं बाहेर कुठं लिहायची नाहीत, स्वतःच्या वहीतसुद्धा नाही. म्हणून इथं कुणाचंच नाव नाही.

बुधवार, ८

फॉर्म झाला. प्रत्येक माणसाची एक नोंद. नाव, वय, घर कुठं, शाळा किंवा काम, आत्ता कुठल्या हॉलमध्ये. त्याखाली 'नातेवाईक' असा चौकोन. त्यात दोन अक्षरं टाइप केली की आधी नोंदलेली नावं खाली येतात. त्यातलं निवडायचं, मग शेजारच्या यादीतून नातं निवडायचं. की ती नोंद या नोंदीला जोडली. मी सतरा नाती घातली होती, ताईनं आठ ठेवली. ही काय लग्नाची पत्रिका आहे का, म्हणाली.

दुपारी नोंदी भरणाऱ्या कॉलेजच्या मुली तोंडं वाकडी करून वर आल्या. एकाच नात्यासाठी दोनदा काम पडतं म्हणे. आधी पोराच्या नोंदीत आई जोडा, मग आईची नोंद उघडून तिच्यात पोर जोडा. एक म्हणाली, तुझ्या मशीनला एकदा सांगून कळत नाही का? त्या गेल्यावर अर्ध्या तासात करून टाकलं. आता एकीकडे 'आई' निवडलं की दुसरीकडे 'मुलगा' किंवा 'मुलगी' आपोआप येतं. 'काका' निवडलं की तिकडे पुतण्या नाहीतर पुतणी. दुसरी बाजू कुणी भरावीच लागत नाही. ताईनं विचारलं, हे तुला कुणी शिकवलं. कुणीच नाही.

चार वाजता कॅप्टननी मीटिंग घेतली, मुलं कुणाच्या ताब्यात द्यायची त्याचे नियम ठरवायला. तीस जण गोल करून उभे होते आणि प्रत्येकाला आपण कोण ते सांगायचं होतं. माझ्या आधी चौघं राहिले तेव्हा मी सटकले. जिन्यात बसून बिस्किटं खाल्ली. नंतर ताईला विचारलं काय झालं, तर ती अर्धा वेळ फोनवर होती. तुझ्या कामाचं काही नव्हतं म्हणाली.

गुरुवार, ९

आज गेटवर कागद लावलाय: 'दोघांनीही एकमेकांचं नाव सांगितलेलं असेल तरच मूल सोडावं.' माझ्या फॉर्ममुळे ते एकदम सोपं झालंय. गेटवरची मुलगी नोंद उघडते, दोन्हीकडे नाव दिसतं, की जा. काल संध्याकाळपर्यंत नऊ मुलं गेली होती, आज दुपारपर्यंत एकेचाळीस. साहेब ताईची पाठ थोपटून गेले.

एक गंमत. एका काकांच्या नोंदीत नऊ पुतणे-पुतण्या आहेत. केवढं मोठं घर असेल. आणि सगळी एकाच शाळेत. त्यातली आठ मुलं आपापल्या आईबापांबरोबर गेली पण.

नववी माझ्या टेबलाखाली बसते. सात वर्षांची, काडीसारखी. परवा तिनं पेन्सिल मागितली आणि अजून परत दिली नाही, म्हणून मी तिला पेन्सिल म्हणते. ती अखंड बोलते, मला काही विचारत नाही, त्यामुळे आमचं जमतं. आई बेकरीत आहे, पहाटे चारला जाते, शेजारची आजी वेणी घालते. बाबा नाहीत. काका खाली बसलेत कारण त्यांच्या गुडघ्याला जिना आवडत नाही. काका तिला रोज पुढं बसवतात, मागं बसलं की तिला मळमळतं. हे सगळं एका दमात, आणि मध्ये मध्ये खोकला. हॉलमध्ये दिवसातून तीनदा जंतुनाशक मारतात, त्यानं तिला जास्तच होतं. डॉक्टर म्हणाले, हिला मोकळ्या हवेत न्यायला हवं.

चार वाजता खिडकीतून बघितलं तर ती त्या काकांचं बोट धरून गेटमधून बाहेर पडत होती. तिनं वर बघून हात केला. मी पण केला.

शुक्रवार, १०

सकाळी पेन्सिलची आई आली. सोमवारी तिला बेकरीतून उचलून पुलापलीकडच्या गावात नेलं होतं. पूल बंद. फोन बेकरीतच राहिलेला. आज पहाटे दुधाच्या ट्रकमधून आली. केसात अजून पीठ होतं. कॅप्टननी तिला वर आणलं, मी नोंद उघडली. 'आहे' असं दिसायच्या ऐवजी 'ताब्यात दिली, काका' असं दिसलं. कॅप्टन हसून म्हणाले, चला, घरच्याच माणसाबरोबर आहे.

ती म्हणाली, "तिला काका नाही. तिचा बाप एकुलता एक होता."

मग तिनं त्या माणसाचं नाव वाचायला सांगितलं. दोनदा वाचलं. ती म्हणाली, हे नाव मी आयुष्यात ऐकलेलं नाही.

कॅप्टन माझ्याकडे वळले. असं होणंच शक्य नाही, म्हणाले. नियमच आहे ना, मुलानं मोठ्याचं नाव सांगायचं आणि मोठ्यानं स्वतः येऊन मुलाचं. दोघांचं जुळलं तरच सोडायचं. इथं त्या माणसाच्या बाजूनंही मुलीचं नाव आहे. म्हणजे त्यानं येऊन सांगितलं असणार. कुणाला सांगितलं ते मला बघून दे.

मला तेव्हा कळलं.

त्यानं कुणाला काही सांगितलं नव्हतं. ती बाजू मी भरली होती. म्हणजे फॉर्मनं. दोन माणसांनी वेगवेगळं सांगावं हाच सगळा नियम होता, आणि मी एकालाच दोनदा बोलायला लावलं. कुठल्याही पोरानं कुणालाही काका म्हटलं की झालं. आणि पोरं तर सगळ्यांनाच काका म्हणतात. दूधवाला काका, वॉचमन काका. नोंदवणाऱ्या मुलीनं विचारलं असेल तुझ्याबरोबर कोण आहे, ती म्हणाली असेल काका, आणि यादीत 'काका' होतंच. तीन नंबरला. मीच ठेवलेलं.

मूग गिळून बसले. ताईला कळलं, ती माझा चेहरा वाचते. तिनं कॅप्टनना सांगितलं की नोंद भरणाऱ्यांकडून काहीतरी चूक झाली असेल, आम्ही तपासतो. ते खाली गेल्यावर मला हळूच म्हणाली, फॉर्मचं नाव काढायचं नाही, नाहीतर आपल्याला दारात कुणी उभं करणार नाही. आणि आपोआपचं ते आत्ताच्या आत्ता बंद कर.

बंद केलं. एक टिक काढायची होती फक्त.

पेन्सिलची आई हॉलच्या दारातल्या पायरीवर बसलीय. चहा दिला तर घेतला, पण प्यायली नाही.

शनिवार, ११

आज मी जे केलं ते लिहिते, कारण कुणाला सांगणार नाहीये.

त्या माणसाची नोंद परत उघडली. नऊ मुलं, नऊ वेगळे बाप, एक शाळा. त्याचं घर बंद केलेल्या वस्तीत. फोनच्या जागी काही नाही. ताई म्हणाली, त्या आठ मुलांच्या आईबापांना फोन लाव, विचार हा माणूस कोण आहे. आठ नंबर कागदावर लिहून दिले आणि साहेबांकडे गेली.

पहिला लागला नाही. दुसरा बिझी होता. तिसरा एका बाईंनी उचलला. हॅलो म्हणाल्या. परत हॅलो, कोण बोलतंय. मागं पोरं खेळत होती. मी वाक्य आधीच लिहून ठेवलं होतं, समोर होतं, ते वाचायचं होतं फक्त. शाळेत उभं केलं की व्हायचं तसंच झालं, अक्षरं दिसतात आणि घसा बंद. मी फोन ठेवून दिला. पुढचे पाच लावलेच नाहीत.

ताई आल्यावर म्हटलं, कुणी उचलत नाही.

मग कॅप्टन म्हणाले, आता वाट बघण्यात अर्थ नाही. साइटच्या पहिल्या पानावर सूचना टाकायला लावली. त्या माणसाचं नाव, उंच, पांढऱ्या मिश्या, गुडघ्यानं लंगडतो. 'अनोळखी इसमानं काका असल्याचं भासवून सात वर्षांच्या मुलीला नेलं आहे.' भासवून हा शब्द ताईचा. लाल चौकट माझी. पाचही हॉलमध्ये ती छापून लावली. संध्याकाळपर्यंत सगळ्यांच्या फोनवर फिरत होती आणि त्यात लोकांनी आपल्या पदरचं घातलं. कुणी म्हणे टोळी आहे, कुणी म्हणे नऊ पोरं पळवली.

घरी आई विचारत होती, ती पोर सापडली का. नाही म्हटलं. ती म्हणाली, ज्यानं कुणी तिला दारातून जाऊ दिलं त्याला झोप कशी लागते देव जाणे. जेवण गेलं नाही.

रविवार, १२

सापडली. सापडली म्हणजे त्यांनीच आणली.

अकराच्या सुमारास खालून आवाज वाढला. खिडकीतून बघितलं तर गेटपाशी घोळका, मध्ये पांढऱ्या मिश्यांचा माणूस आणि त्याच्या खांद्यावर पेन्सिल. कुणीतरी ओरडलं, हाच तो. मुलीला ओढून घेतलं. मग मारायला लागले. ज्यांची पोरं सुखरूप परत मिळालीत तेही मारत होते. ते काका हात वर करून काहीतरी सांगत होते पण ऐकायला कोण बसलंय. पेन्सिल किंचाळत होती, काकांना मारू नका. लोकांना वाटलं पोरीला भुलवलीय.

मी जिना कसा उतरले आठवत नाही. घोळक्यात शिरले तर कोपर लागून बाहेर फेकली गेले. ओरडले, पण माझं ओरडणं मलाच ऐकू आलं नाही. कॅप्टन शेजारीच लोकांना मागं ओढत होते. त्यांच्या गळ्यातली शिट्टी धरली आणि जीव खाऊन फुंकली. ते दोरीसकट खाली वाकले बिचारे.

शिट्टीनं सगळे थांबले आणि माझ्याकडे बघायला लागले. आता काहीतरी बोलणं भाग होतं. शंभरेक माणसं असतील.

मी म्हटलं, "यांनी काही भासवलं नाही. यांना कुणी विचारलंच नाही. फॉर्म माझा आहे, चूक माझी आहे."

ताई मागं होती. तिनं मान खाली घातली.

मग काकांना खुर्ची दिली. ओठ फुटला होता, चष्म्याची एक काच नव्हती. पेन्सिलची आई पोरीला छातीशी धरून समोर आली. तिनं त्यांच्याकडे नीट बघितलं, मग त्यांच्या हाताकडे. म्हणाली, "तुम्ही व्हॅनवाले?"

त्यांनी मान हलवली. ती पहाटे कामावर जायची, त्यामुळे तिनं त्यांना कधी पाहिलंच नव्हतं. एखाद्या दुपारी चालत्या व्हॅनच्या खिडकीतून हात तेवढा पाहिलेला.

तर असं होतं ते. सोमवारी शाळा सुटायच्या आत भोंगा झाला आणि काकांनी आपल्या व्हॅनमधली नऊ पोरं उचलून थेट इथं आणली. आठ जणांचे आईबाप आले. हिचं कुणी येईना, खोकला थांबेना, म्हणून टेकडीवर बहिणीकडे घेऊन गेले. आज खोकला कमी होता, म्हणून आई आली का बघायला परत आणलं. फोनचा चार्जर बंद घरात, आणि बहिणीकडचा त्या जुन्या फोनला बसत नाही.

कॅप्टन म्हणाले, जाताना पत्ता तरी ठेवायचा.

काका म्हणाले, "ठेवत होतो. चिठ्ठी लिहूनसुद्धा आणली होती. गेटवरच्या मुलीनं कॉम्प्युटरमध्ये बघितलं आणि म्हणाली, गरज नाही काका, तुमचं दोन्हीकडे नाव आहे."

सोमवार, १३

सूचना काढली. तिच्या जागी खुलासा टाकला, तो मीच लिहिला. ताईनं वाचला. 'फॉर्ममधील चुकीमुळे' या शब्दांवर थांबली आणि तसाच राहू दिला. आज ती माझ्याशी कामापुरतंच बोलतेय. माणसं खुलासा पुढं पाठवत नाहीत. लाल चौकट अजून फिरतेय.

दुपारी काका गुडघा धरत धरत जिना चढून वर आले. ओठ सुजलेला. मला वाटलं बोलतील, मी उभी राहिले. ते म्हणाले, माझं नाव त्या पोरांच्या कागदावरनं काढा. नऊच्या नऊ ठिकाणचं.

मी म्हटलं, यादीत दुसरा शब्द घालते, व्हॅनवाले म्हणून. बाकीच्यांचंही नीट करतेय. ते म्हणाले, नको. दुसरा शब्द घाला, तिसरा घाला, बघणाऱ्याला काय वाचायचं ते तो वाचतो. काल ज्यानं मला पहिली थोबाडीत मारली, त्याचा मुलगा तीन वर्षं माझ्या मागं बसतोय. मुलगा ओळखतो. बाप कधी खाली उतरला नाही.

मग मी एक एक नोंद उघडली आणि ते शेजारी बसले. नाव दिसलं की ते पुटपुटायचे. हा डबा विसरतो. ही शेवटच्या वळणाला झोपते, उठवावी लागते. हा दोन मिनिटं उशिरा येतो आणि रोज नवीन कारण सांगतो, परवा म्हणाला चप्पल हसत होती. मी हसले, ते पण हसायला गेले आणि ओठ दुखला.

प्रत्येक ठिकाणी काढून टाका दाबायचं, खरंच काढू का असं विचारतं, हो म्हणायचं. नऊ वेळा. पेन्सिलच्या वेळी ते काही बोलले नाहीत. मी थांबले. ते म्हणाले, काढा.

शेवटी त्यांची नोंद उघडली. मी बंद केलं होतं ते जोडणं, काढणं नाही; जिथं नऊ नावं होती तिथं आपोआप 'नातेवाईक: नोंद नाही' असं आलं.

ते म्हणाले, आता बरोबर आहे.

मी माफी मागायला वाक्य जुळवत होते, पण ते तेवढ्यात उठले. जिना उतरताना मी हात दिला. त्यांनी कठडा धरला.

बुधवार, १५

वस्त्या उघडल्या. हॉल आज रिकामा व्हायला लागला. दोन दिवस मीच गेटवर टेबल टाकून बसतेय. मुलाला वेगळं विचारते, मोठ्याला वेगळं, आणि दोन्ही बाजू हातानं भरते. रांग लांब होते, लोक कुरकुरतात. काल एका आजोबांनी विचारलं, तुला तेच तेच विचारून कंटाळा येत नाही का. येतो म्हटलं.

ते आठ नंबर अजून माझ्याकडे होते. काल लावले. तिसऱ्या बाईंनी परत हॅलो म्हटलं आणि मी बोलले. त्या म्हणाल्या, अगं ते तर आमचे व्हॅनवाले काका, आधीच विचारलं असतंस तर? मी म्हटलं, हो.

दुपारी काका बहिणीचा निरोप घेऊन घरी निघाले होते, वाटेत इथं राहिलेली पिशवी न्यायला थांबले. गेटसमोर पांढरी व्हॅन. पिशवी घेतली, कुणाकडे बघितलं नाही. तेवढ्यात पेन्सिल तिच्या आईबरोबर बाहेर पडली आणि तिनं तिथूनच हाक मारली, काका.

गेटपाशी जेवढे पुरुष होते तेवढे वळले. कॅप्टन वळले, वॉचमन वळला, पाण्याची टाकी उतरवणारा वळला. दहा-बारा जण. ते वळले नाहीत. व्हॅनमध्ये बसले आणि दार लावून घेतलं.

पेन्सिलनं माझ्याकडे बघितलं. तिच्या आईनं तिला कडेवर घेतलं आणि दोघी तिथंच उभ्या राहिल्या.

गाडी बराच वेळ निघाली नाही. बॅटरी उतरली असेल.